मूठभर लसूणघास

नोम्सा चौदा वर्षांची झाली तरी तिला एकही पिल्लू झालं नव्हतं. पांढऱ्या गेंड्याची मादी चौदाव्या वर्षापर्यंत दोन-तीनदा तरी व्यालेली असायला हवी. ती सहा वर्षांची असताना आमच्या माळावरच्या प्राणिसंग्रहालयात आली, तेव्हापासून तिचं सगळं मीच बघत आले. माझं नाव ग्लेनिस. या कामात माझी तीस वर्षं गेली आहेत आणि मला माझं काम कुणी शिकवलेलं खपत नाही.

वरून निरोप आला होता की हिवाळ्यापर्यंत नोम्सा गाभण राहिली नाही, तर तिला किनाऱ्यावरच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात पाठवायचं, नुसतं लोकांना दाखवायला, आणि तिच्या जागी दुसरी मादी आणायची. अकरा वर्षांपूर्वी आमची आधीची मादी, लेराटो, अशीच तिकडे गेली. तिच्या पाठवणीचे कागद मीच लिहिले होते, आणि तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलंही नव्हतं. गेंडे थोडे, जागा थोडी. भाकड मादी किती दिवस ठेवणार? नोम्साचे कागद लिहायला मात्र माझं मन धजत नव्हतं.

आमची डॉक्टर तेरेसा वुआंग हिनं दोन वर्षांपूर्वी तिचा खुराक बदलला होता. लसूणघास बंद आणि सोयाबीनच्या गोळ्याही बंद, नुसतं साधं वाळलं गवत. तिचं म्हणणं असं, की लसूणघासात आणि सोयाबीनमध्ये मादीच्या हार्मोनसारखं काहीतरी असतं, त्यानं जनावराचं शरीर फसतं आणि ते माजावर येत नाही. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांत खुराक बदलल्यावर माद्या फळल्या होत्या. म्हणून आठवड्यातून तीनदा मी आणि माझा मदतनीस केल नोम्साचं शेण पिशवीत भरून, तारीख घालून, त्यातले हार्मोन तपासायला पाठवत होतो. दोन वर्षं कागदावरची हार्मोनची रेघ सपाटच. मोंटी, आमचा नर, अधूनमधून येऊन हुंगून जायचा आणि चिखलात जाऊन लोळायचा.

त्या दिवशी नोम्सा खोड्यात, म्हणजे तपासणीच्या अरुंद लोखंडी चौकटीत, उभी होती. गेंड्याची सोनोग्राफी म्हणजे डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत जातो. मी तोंडाशी उभी राहून तिच्या कानामागे खाजवत होते. गेंड्याची कातडी म्हणतात लोक. त्यांनी एकदा तिथे हात लावून बघावा, लोण्यासारखी मऊ असते. दुसऱ्या हातानं मी तिला रोजच्यासारखं भरवत होते.

केल दाराशी होता. इथे येण्याआधी त्यानं वीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली होती. तो म्हणाला, "काय मिटक्या मारते बघ! आमच्या जुन्या मालकाच्या मेंढ्या क्लोव्हरच्या गवतावर अशाच तुटून पडायच्या. खाऊन खाऊन नुसत्या ढोल झाल्या, आणि दोन वर्षं एक कोकरू नाही. म्हातारा मेंढ्याला शिव्या घालायचा, आणि दोष सगळा त्या गवताचा!"

माझा हात थांबला. माझ्या वडिलांच्या मेंढ्यांनाही तेच झालं होतं. मी दहा वर्षांची होते, मला सगळं ठाऊक होतं. आणि माझ्या मुठीत लसूणघास होता, क्लोव्हरच्याच जातीचा.

तेरेसाला पलीकडे काही ऐकू गेलं नाही. मी गप्प राहून दुसऱ्या दिवसापासून गाजरं आणली असती, तर कुणाला कळलं नसतं. पण मग ती दोन वर्षं लसूणघासाविना गेली असंच धरलं गेलं असतं आणि नोम्सा हिवाळ्यात गेली असती. चहाच्या सुट्टीत मी तेरेसासमोर जाऊन बसले.

"नोम्सा लसूणघास खाते. रोज सकाळी, माझ्या हातून."

"मी तो बंद केला होता, ग्लेनिस."

"खुराकातला बंद केलास. हे बक्षीस. त्याशिवाय ती खोड्यात येत नाही."

तिनं तक्ता उघडला. खुराकाचा रकाना स्वच्छ होता. शेवटचा रकाना बक्षिसाचा. त्यात रोज माझी एक टिक. गाजर असो, सफरचंद असो, नाहीतर कान खाजवणं असो, आम्ही सगळे नुसती टिकच करतो. काय दिलं ते कुणी लिहीत नाही आणि कुणी विचारत नाही.

"किती देतेस?"

"मूठभर."

"हिची मूठ बघितलीस का?" शेजारच्या टेबलावरून केल म्हणाला. "अर्धा भारा मावतो तिच्यात."

तेरेसा हसली नाही आणि ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "म्हणजे दोन वर्षं आपण काहीच तपासलं नाही," ती म्हणाली. "बघते, एक वर्ष वाढवून मागते."

वर्ष मिळालं. दुसऱ्या दिवशी मी गाजर घेऊन गेले. नोम्सानं ते हुंगलं, माझा खिसा हुंगला आणि पाठ फिरवून चालती झाली. नऊ दिवस ती खोड्याकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी मला केलच्या देखत रडू आलं.

"अगं, लग्न तिचं लावायचंय की तुझं?" तो म्हणाला. "रुसू दे चार दिवस."

दहाव्या दिवशी ती आली आणि मोठे उपकार केल्यासारखं तिनं गाजर खाल्लं. पाचव्या महिन्यात कागदावरची रेघ वरखाली व्हायला लागली. आठव्या महिन्यात मोंटीनं दोन दिवस तिची पाठ सोडली नाही. पुढच्या एका सकाळी तेरेसा खांद्यापर्यंत हात आत घालून पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे बघा, पिल्लाचं काळीज हलतंय." केलनं टोपी काढली. दुपारच्या चहाला तो चॉकलेट-खोबऱ्याचे लॅमिंग्टन केक घेऊन आला, आणि मी तीन खाल्ले.

चौथा उचलताना मला लेराटो आठवली. मी उठून किनाऱ्यावर फोन लावला. ब्रायोनी नावाच्या मुलीनं उचलला.

"लेराटो ना? मजेत आहे. तेहतीस वर्षांची झाली. गर्भाशयात गाठी आहेत म्हणतात डॉक्टर, पण तिला त्रास काही नाही."

"तिला लसूणघास कुणी देतं का?"

"मीच देते की, रोज सकाळी! तुम्ही तिच्याबरोबर पाठवलेली चिठ्ठी अजून दाराला लावलेली आहे. 'मूठभर द्या, नाहीतर रुसते.'"

ती चिठ्ठी मला आठवत होती. मोठ्या मायेनं लिहिली होती मी. लेराटोला भाकड ठरवलं मी, आणि भाकड केलंही बहुधा मीच.

ती मुलगी घाबरली असावी. "का हो? काही चुकतंय का माझं? बंद करू?"

तेहतिसाव्या वर्षी आता काय बंद करायचं होतं?

"नको," मी म्हटलं. "देत जा. तिला आवडतं ते."