नकाशात नसलेला चर

मॅलकी हॉरनने तीस वर्षं डेरीलाखच्या दलदलीत पोकलेन चालवून चर खणले. पाणी काढून द्यायचं, खालचं काळं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा थर, सुकलं की खरवडून वीजकेंद्रात जाळायला पाठवायचं. पुढे पीट जाळणं बंद झालं, मॅलकी घरी बसला. आणि दोन वर्षांनी त्याला परत बोलावणं आलं ते तेच चर बुजवायला.

"स्वतःचं करून ठेवलेलं निस्तरायला पगार मिळतोय," त्याची बायको नोरीन म्हणाली. "सगळ्या नवऱ्यांना अशी नोकरी मिळाली तर आम्ही सुटलो!"

कामावरची साहेब होती सोरखा, सव्वीस वर्षांची पोरगी. पहिल्याच दिवशी तिने समजावलं, "सुकलेलं पीट नुसतं पडून राहिलं तरी विरत जातं, हवेत कार्बन सोडत राहतं. भिजलं की थांबतं. आपल्याला पाणी हवंय, मॅलकी. इथे, टाचेपर्यंत."

"तीस वर्षं मला उलटं सांगत होते."

"तेव्हा मी नव्हते ना!"

"तेच म्हणतोय. उशीर केलास."

ऑक्टोबरपर्यंत चाळीस बांध घालून झाले. सगळीकडे पाणी चढलं, पण उत्तरेचा बर्चच्या झाडांजवळचा तुकडा काही भिजेना. सोरखाने नकाशे पालथे घातले, एक बूट चिखलात गमावला, पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या पुन्हा ठोकल्या. पाणी हातभर खालीच. मॅलकी हॅमचं सँडविच चावत भलतीकडे बघत बसायचा.

"जमीनच तशी आहे असं लिहून हा तुकडा सोडून देते," एका दुपारी ती म्हणाली. तिचा आवाज इतका पडलेला होता की मॅलकीने सँडविच खाली ठेवलं. नेमकी तेव्हाच नोरीन त्याचा घरी विसरलेला चहाचा थर्मास घेऊन आली.

"सोडू नकोस," मॅलकी म्हणाला. "तिथे एक चर आहे. वरून लाकडं आणि माती टाकून झाकलेला. कुठल्याच कागदावर सापडायचा नाही."

"कुणी खणला?"

"मी. चौऱ्याऐंशी साली. रविवारी, कंपनीचं डिझेल जाळून."

"कशाला पण?"

त्याने नोरीनकडे बघितलं. "आमचं लग्न व्हायचं होतं. हिचं माहेर पलीकडे. वाटेत गुडघाभर चिखल. हिच्या आईने बजावलं होतं, असले बूट घेऊन पुन्हा दारात यायचं नाही."

नोरीन खालीच बसली. "अरे देवा! ती वाट एकाएकी कोरडी झाली तेव्हा मी आईला म्हटलं होतं, बघ, देवाचीच इच्छा आहे."

"देवाची नाही, पोकलेनची."

"आणि इतकी वर्षं तोंड उघडलं नाहीस?"

"आधी नोकरीची भीती होती. मग वाटलं, देवाने केलं म्हणतेस तर म्हणू दे."

सोरखाला हसू आवरेना. नोरीनला मात्र हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने थर्मासातला चहा स्वतःच ओतून घेतला.

मॅलकीला जागा शोधायला पाव तासही लागला नाही. कुजकी लाकडं उचलली तर खाली पाणी खळखळत पळत होतं. त्याने पोकलेनची बकेट वर उचलली आणि त्याचा हात दांड्यावर थबकला. चराच्या तोंडाशी त्याला तो स्वतःच उभा दिसला, बावीस वर्षांचा, धुतलेल्या बुटांत.

"बुजव की!" नोरीन काठावरून ओरडली. "कोरड्या वाटेने आता कुणाला भेटायला जायचंय तुला?"

मॅलकीने ओलं पीट भरलं, बकेटने दाबलं, परत भरलं. खळखळ थांबली.

नाताळापर्यंत तो तुकडा पाण्याने भरून आभाळ दाखवू लागला. दुसऱ्या वसंतात पाण्यावर तांबूस-हिरवं शेवाळ पसरलं, पाणलावे पक्षी घुमू लागले. सोरखाला पुढची दलदल मिळाली, शेजारच्या परगण्यातली, आणि तिने मॅलकीलाच सोबत मागितलं.

"जा खुशाल," नोरीन त्याचा डबा भरत म्हणाली. "पण आधी सांग, तिकडे कोण राहायची?"