खाली गेलतो

“आजे, थांब. भोंगा वाजलाय.”

परमेश्वरचा चेहरा पडद्यावरून गेला. त्याचा फोन तिकडं उताणा पडला असावा. मला नुसतं पांढरं आभाळ दिसायला लागलं. “चुलत्यास्नी बोलावते!” म्हणत त्याची बायको दीपमाला पिठाच्या हातांनी बाहेर पळाली. इकडचा फोन माझ्या हातात राहिला.

माझ्या या नातवानं दहा वर्षं ऊस तोडला, मग प्लास्टरचं काम शिकला. लढाईमुळं इस्राएलात मजूर कमी पडले. सरकारी परीक्षा झाली, यादीत त्याचं नाव लागलं. “एजंट न्हाई आजे, सरकारच नेतंय,” वडवणीहून पेढे आणून तो म्हणाला. मला पेढा गिळवेना. निजामाच्या शेवटच्या साली माझ्या बापालाही सरकारनंच नेलं होतं. वेठीला धरून, सरहद्दीवर खंदक खणायला. महिन्यानं परतला. “लई बेस ठिवलं,” असं आईला सांगायचा. पण विमानाचा आवाज आला की औत सोडून ढेकळांत पालथा पडायचा.

भोंगा थांबेना. त्या आवाजात मला श्वास ऐकू आला, अगदी फोनाजवळ. मग दातांची कडकड. लपायचं तळघर खाली आणि याची परांची पाचव्या मजल्यावर. परवा हसतच सांगत होता.

“परमेश्वर?” मी हळूच म्हटलं.

धडाका झाला. आभाळ गदगदा हललं. श्वास ऐकू येईना. मीही घेतला नाही. किती वेळ, कोण जाणे. मग बारीक आवाज आला, “आई गं.”

चुलते घरी नव्हते. दीपमाला एकटीच धापा टाकत परतली, तर पडद्यावर परमेश्वर हजर. केसांत सिमेंट, तोंडभर हसू.

“कावून रडायलीस गं? तळघरात गेलतो. पंखा हाय, थंडगार पाणी हाय. तुज्या म्हायेरापरीस बरं!”

“तुमाला हसू येतंय? हितं जीव गेलता माजा!”

फोन बंद झाला. ती माझ्याकडं वळली.

“आजी, खरंच गेलते का हो ते खाली?”

“गेलता की. जिन्यात पावलं वाजली, मी ऐकली.”

तिनं फोनसाठी हात पुढं केला. माझी बोटं उघडेनात. तिनं ती एकेक करून सोडवली, आणि मग चुलीकडं न जाता माझ्याजवळच बसून राहिली.