पोळ्यापर्यंतची चिठ्ठी

मेहकरच्या बाजारगल्लीत माणिकरावांचं कापडाचं दुकान जुनं होतं. पण त्यात 'एकच भाव'ची पाटी लावली ती त्यांच्या मुलानं, लक्ष्मीकांतनं. दोन वर्षं नागपूरला एका मोठ्या दुकानात काम करून तो परतला होता. घासाघीस त्याला आवडायची नाही. जो चतुर तो स्वस्तात नेतो आणि जो भोळा तो दाम मोजतो, हे त्याला मुळीच पटायचं नाही. माणिकराव हसायचे. म्हणायचे, पाटी लाव बाबा, पण गिऱ्हाइकाला भाव पाडल्याचं समाधान लागतं, ते कुठून देशील?

त्यावर लक्ष्मीकांतनं उपाय काढला तो चिठ्ठीचा. वैशाखात लग्नसराईचं कापड नेणाऱ्या प्रत्येकाला तो एक छापील चिठ्ठी द्यायचा. ती घेऊन पुन्हा आलं, की पुढच्या खरेदीवर रुपयामागे दोन आणे सूट. पावसाळ्यात दुकान ओस पडायचं, गिरणीही तेव्हा माल सवलतीनं सोडायची, म्हणून मुदत ठेवली पोळ्यापर्यंत. तारीख त्यानं मुद्दाम घातली नाही. खेड्यातल्या बाईला तारीख वाचता येईल न येईल, पोळा मात्र कुणी विसरत नाही. चिठ्ठी हातात देताना तो ते तोंडानंही सांगायचा. आपण सगळा विचार केला आहे, असं त्याला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

आषाढात चिठ्ठ्या येऊ लागल्या. नदीपलीकडच्या खेड्यांतल्या बाया मात्र श्रावण सरता सरता यायच्या, कारण निंदणाची मजुरी तेव्हा हाती पडायची. नेमकी त्याच वेळी झड लागली. पोळ्याला आठवडा असताना फरशीवरून, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहू लागलं. एस.टी. अलीकडेच थांबायची आणि तिथूनच माघारी वळायची. पलीकडचं माणूस पलीकडे राहिलं. लक्ष्मीकांत रिकाम्या दुकानात बसून पाऊस बघायचा. बऱ्याच चिठ्ठ्या परत आल्या नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मनाच्या कोपऱ्यात थोडं हायसंही वाटलं. तेवढी सूट वाचली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मुलींच्या शाळेतल्या शकुंतलाबाई आल्या. त्यांनी एक निळं पातळ पसंत केलं आणि पाकिटातून चिठ्ठी काढून ठेवली. लक्ष्मीकांतनं हात जोडून सांगितलं, की मुदत काल संपली. आज तुम्हाला दिली तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? नियम सगळ्यांना सारखा. बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, पूर्ण पैसे मोजले आणि पातळ घेऊन गेल्या. तो दिवसभर खुशीत होता. जेवताना वडिलांनाही त्यानं ते सांगितलं.

पाणी उतरलं आणि गोजरबाई आली. पलीकडच्या गावची, पन्नाशीकडे झुकलेली. वैशाखात भाच्याच्या लग्नाचं कापड तिनं इथूनच नेलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले म्हणून ती आधी ओट्यावरच उभी राहिली. लक्ष्मीकांतनं आत बोलावलं तेव्हा कोपरा धरून बसली. तिला हिरवं लुगडं हवं होतं. तिनं चार-पाच उलगडून पाहिली, काठ बोटांत धरून चोळले, आणि एकावर हात ठेवला. लक्ष्मीकांतनं भाव सांगितला, सोळा रुपये. तिनं मान हलवली आणि कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. मेणकापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. पाण्याचा थेंब लागला नव्हता.

"बाई, पोळा होऊन गेला," लक्ष्मीकांत म्हणाला.

"गेला न. यंदा पान्यातच गेला."

त्यानं समजावलं. मुदतीचं सांगितलं, गिरणीची सवलत त्यालाही आता मिळत नाही हे सांगितलं. गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं जे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. ती दोनदा घरून निघाली होती आणि दोन्ही वेळा फरशीपाशी उभी राहून परत गेली होती. लेक बाळंतपणाला आलेली. तिची ओटी भरायची म्हणून हिरवं लुगडं घ्यायचं ठरलं होतं. पण लुगडं यायच्या आधी, त्या पुरातच, नातू झाला. सुईणीला मेहकरहून आणता आलं नाही, शेजारणींनी निभावलं. आता लेक सासरी जाईल, तिला तसंच कसं पाठवू?

लक्ष्मीकांत म्हणाला, "बाई, खरं आहे तुमचं. पण मुदत सगळ्यांना सारखीच होती."

"मुदत सारखी व्हती," ती म्हणाली. "रस्ता सारखा नाही न, भाऊ."

आतून माणिकरावांनी हाक मारली. तो आत गेला तसे ते हळू आवाजात म्हणाले, की एवढं डोकं कशाला शिणवतो? लुगड्याचा भाव अठरा सांग, मग चिठ्ठी घे आणि सूट दे. बाई खुश, आपलं नुकसान नाही. लक्ष्मीकांत म्हणाला, मग ती पाटी उतरवू का? माणिकराव म्हणाले, पाटी राहू दे, पोटाचं बघ.

त्याला शकुंतलाबाई आठवत होत्या. हिला सूट दिली तर त्यांना काय तोंड दाखवायचं? आणि हिला नाही दिली तर रात्री झोप कशी लागायची? गोजरबाईला थोडं बसायला सांगून, वडिलांना गल्ल्यावर बसवून तो तसाच छत्री न घेता निघाला. शकुंतलाबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं.

त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि म्हणाला, की त्या बाईला सूट द्यायची तर आधी तुमची तुम्हाला परत केली पाहिजे.

"मला नको," शकुंतलाबाई म्हणाल्या. "माझ्या घरापासून तुमचं दुकान हाकेवर. मी विसरले. त्या बाईला नदीनं अडवलं. दोन्ही एकच कसं होईल?" त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "पण तुम्ही मला त्या दिवशी विचारलंत का, की उशीर का झाला? विचारलं असतंत तर विसरले म्हणाले असते, आणि हसत पैसे दिले असते. तुम्ही नियम सांगितलात, विचारलं नाहीत. मला राग आला तो त्याचा."

लक्ष्मीकांतनं चूक झाली म्हटलं आणि तो परत फिरला.

दुकानात गोजरबाई नव्हती. माणिकराव खुशीत होते. लुगडं दिलं, म्हणाले, चिठ्ठीही घेतली, गेली बाई आशीर्वाद देत. भाव किती सांगितला हे त्यांनी सांगितलं नाही. लक्ष्मीकांतनं विचारलंही नाही, अठराच असणार. गल्ल्यातून जास्तीचे पावणेदोन रुपये उचलून तो स्टँडकडे धावत सुटला. रस्त्यात चिखल इतका की एक चप्पल रुतून तुटली, ती हातात घेतली.

गाडी लागली होती. गोजरबाई खिडकीपाशी बसली होती, पुडकं मांडीवर. त्यानं खिडकीतून पैसे पुढे केले आणि धापा टाकत म्हणाला, की हिशेबात चूक झाली.

तिनं पैशांकडे पाहिलं, त्याच्या चिखलानं भरलेल्या पायाकडे पाहिलं. "चूक नाही ते. मले तवाच समजलं. तुमी सोळा सांगतले, मंग मालकानं अठरा सांगतले."

"मग घेतलंत कशाला?"

"लेक वाट पाहून राह्यली. नातवाले घरी ठेवून भांडत बसू का मी तुमच्या बुढ्यासंगं?"

त्याची मान खाली गेली. आपल्या बापाला ती बुढा म्हणाली याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. खिडकीचा गज धरून तो म्हणाला, "तुमच्या गावात आणखी कुणाजवळ चिठ्ठ्या असतील तर सांगा, घेऊन या. फरशी खुली झाली त्या दिवसापासून आठवडाभर चालेल. मुदतीतले जितके दिवस पाण्यात गेले तितके."

गोजरबाईनं पैसे मोजले नाहीत. पिशवीत टाकले आणि म्हणाली, सांगते. कंडक्टरनं घंटी मारली.

माणिकराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बाया आल्या, घोळक्यानं, डोक्यावर पदर आणि हातात चपला. एकीच्या चिठ्ठीचा भिजून लगदा झाला होता, तिनं तो लगदाच पुढे केला. लक्ष्मीकांतनं प्रत्येकीला विचारलं, उशीर का झाला? आधी बाया बिचकल्या, मग एकेक सांगू लागली. एकीचा गोठा पडला होता. एकीनं निंदणाचे पैसे पोराच्या तापावर घातले होते आणि ती आज काही घेणारच नव्हती, नुसती सोबत आली होती. लक्ष्मीकांतनं तिच्या चिठ्ठीमागे 'दिवाळीपर्यंत चालेल' असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

त्याच गर्दीत उकंडराव घुसला. त्याचं घर नदीच्या अलीकडे, दुकानापासून दिसणारं. त्यानंही चिठ्ठी काढली.

"तुम्हाला का उशीर झाला, उकंडराव?"

"नदी आडवी आली," उकंडराव गंभीरपणे म्हणाला.

बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या, माणिकराव गल्ल्यावरून हसले, आणि शेवटी उकंडरावही हसला. सूट त्याला मिळाली नाही. धोतरजोडी मात्र तो पूर्ण भावानं घेऊन गेला.

त्या हंगामात दुकानाला फायदा फारसा झाला नाही. माणिकरावांनी ते दसऱ्यापर्यंत चारदा बोलून दाखवलं. लक्ष्मीकांत ऐकून घ्यायचा. पाऊस लागला, की दुकान बंद करून तो एकदा फरशीपर्यंत चालत जायचा, पाणी कुठवर आलंय ते बघायचा, आणि मग घरी यायचा.