कमरेचं माप

टेलरबाईंचा नवरा बारीक होऊ लागला आणि बाईंच्या पोटात दुखू लागलं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर स्टुलावर. बसून बसून पोट टेबलाला टेकलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाच किलो उतरवा, नाहीतर मधुमेहाची गोळी सुरू करतो." त्याने चहातली साखर सोडली, तळलेलं सोडलं, आणि पहाटे उठून तळ्याकाठी फेऱ्या मारायला लागला. काकड्या बाईच चिरून द्यायच्या. इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

मग एक दिवस गल्लीच्या टोकाची दातांची डॉक्टरीण आपला सैल झालेला ड्रेस आत घ्यायला घेऊन आली.

"मीसुद्धा उतरले थोडी," ती आरशात वळून बघत म्हणाली. "तुमच्या मिस्टरांची कृपा. तळ्यावर काय भराभर चालतात हो! आणि बोलतात किती छान!"

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. बोलतात? हा माणूस? घरी याच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लागतो! आणि ही बया एकटी राहणारी, हसरी, कंबर कशी तर बाईंनी आत्ताच स्वतःच्या टेपने मोजलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःची कंबर त्यांनी कित्येक वर्षांत मोजली नव्हती आणि आता मोजायची हिंमतही नव्हती.

नवऱ्याच्या अंगावरचा धागान् धागा बाईंच्या हातचा. "माझ्या पँटीला पट्टा लागत नाही," हा त्यांचा तोरा. रस्त्यापलीकडे एक मास्तर बसायचा, त्याने शिवलेल्या पँटीत माणसाचे दोन पाय एकमेकांशी भांडतात, असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. तर घरात पट्टा नव्हता आणि वजनकाटाही नव्हता. नवरा दर रविवारी धुतलेली पँट चढवायचा, कमरेत अंगठा घालायचा आणि किती सैल झाली ते बघून लहान मुलासारखा खूश व्हायचा.

त्या शनिवारी इस्त्री करायच्या आधी बाईंनी त्याच्या तिन्ही पँटींची पाठीमागची शिवण उसवली, किंचित आत घेतली आणि पुन्हा शिवली. पुढच्या शनिवारी आणखी किंचित. ताकास तूर लागू दिली नाही.

रविवारी अंगठा आत जाईना.

"अगं, बघ ना. तसूभरही उतरलो नाही."

"वय झालं की नाही उतरत हो. कशाला जिवाला त्रास?"

"पण सगळे म्हणतात, बारीक दिसतोस."

"चेहरा ओढलाय. पोट आहे तिथंच आहे."

"एकदा टेप लावून बघ बरं."

टेप बाईंच्या गळ्यातच लोंबत होती. "घरच्या माणसाचं माप मला पाठ आहे," त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं. टेप लावून कसं चालेल? टेप खोटं बोलत नाही.

पण करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. चिकाटीचा माणूस तो. त्याने जेवण अर्ध्यावर आणलं आणि संध्याकाळीही तळ्यावर जायला लागला. म्हणजे त्या दातवालीच्या आता दोन-दोन भेटी! भिंगाखाली बारीकसा स्क्रू त्याच्या हातून निसटून पडताना बाईंनी पाहिला. काळजात चर्र झालं. पण संध्याकाळी गल्लीतून डॉक्टरणीचं हसू ऐकू आलं आणि शनिवारी त्यांनी शिवण पुन्हा आत घेतली.

शेवटी एका पहाटे नवरा उठलाच नाही.

"नाही जमत मला," तो चादरीतून म्हणाला. "माझं शरीरच हट्टी आहे."

बाईंनी त्या दिवशी चहात दोन चमचे साखर घातली, बटाटे तळले, समोर बसून वाढले. नवरा जेवला. आपला माणूस आपल्या घरात आहे, या समाधानात बाई दुपारी मस्त झोपल्या.

आठवडाभराने डॉक्टरीण इतके दिवस रखडलेला ड्रेस न्यायला आली.

"मिस्टर दिसत नाहीत हो तळ्यावर?"

"कंटाळले."

"अरेरे! रोज म्हणायचे, पाच किलो झाले की बायकोकडून माप घेणार. ती म्हणाली कमी झालं, तरच खरं." ती हसली. "दुसरा विषयच नाही हो त्यांना. आमची ही असं कापते, आमची ही असं शिवते. मला तर तुमचा हेवा वाटायला लागला होता."

बाईंना ड्रेसची घडी घालता येईना. ती गेली. मग ठरवलं, येत्या शनिवारी सगळं उसवून टाकायचं, टेप लावायची आणि "कमी झालं हो" म्हणायचं.

पण शनिवारच्या आधी शुक्रवार येतो, आणि शुक्रवारी नवऱ्याची तपासणी होती.

तो परत आला आणि म्हणाला, "पाच किलो उतरलंय. गोळी नको म्हणाले." आवाजात आनंद नव्हता. त्याने पँट बदलली, काढलेली उलटी केली, टेबलाशी बसला आणि डोळ्याला भिंग लावलं. बाई मशीनजवळ उभ्या. जुन्या शिवणीची भोकं, शेजारी दुसऱ्या शिवणीची, त्याशेजारी तिसरीची आणि मग आत्ताचा दोरा. केसाएवढा कचरा शोधणारा माणूस तो, त्याला किती वेळ लागणार?

"अहो, ऐका ना..."

"चहा बिनसाखरेचा कर," तो म्हणाला. त्याने पँटची घडी घालून बाजूला ठेवली. भांडला असता तर बाईंनी पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दारातून समोर पाहिलं आणि त्यांचा पाय मशीनवरच थांबला. नवरा पायजम्यावरच मास्तरच्या दुकानात उभा होता. हात वर केलेले. मास्तर त्याच्या कमरेभोवती टेप फिरवत होता, वाकून आकडा बघत होता. लग्नापासून त्या कमरेला दुसऱ्या कुणाची टेप लागली नव्हती. डॉक्टरणीबद्दल वाटलं नव्हतं ते बाईंना आता त्या म्हाताऱ्या मास्तरबद्दल वाटलं. त्याचा हात झटकून टाकावा, टेप हिसकावून घ्यावी. हे माप माझं आहे!

नवऱ्याने पिशवीतून तिन्ही पँटी काढून दिल्या. मास्तरने एक उलटी केली, शिवण पाहिली आणि थबकला. दुसऱ्याची शिलाई विचारल्याशिवाय उसवायची नाही, हा धंद्यातला जुना रिवाज. तो पँट हातात घेऊन पायरीवर आला.

"बाई," त्याने रस्त्यापलीकडून हाक मारली, "काम तुमच्या हातचं आहे. उसवू ना?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो दुकानात आत, पाठमोरा उभा होता. शर्ट पाठीवर किती सैल झाला होता, ते त्यांना रस्त्याच्या या बाजूनेही दिसत होतं.

"उसवा," बाई म्हणाल्या.