गाव नावाची फाईल

आमचा कॉम्प्युटर बंद पडला तो सोमवारी सकाळी, गंगाबाईच्या अंगणात. म्हणजे मी लिहीत लिहीत तिथपर्यंत आले होते. जात्याची जागा लिहून झाली, आता तुळशीकडे वळायचं, तेवढ्यात पडदा काळा झाला. आतून मात्र टकटक ऐकू येत होती. कुणीतरी नखानं दार वाजवावं तशी.

माझं सासर औसा, माहेर किल्लारी. आताची नाही, जुनी. भूकंपात गेली ती. आताचं गाव चांगलं आहे, रस्ते सरळ आहेत, पण स्वप्नात मी कधी त्या सरळ रस्त्यांवर जात नाही. तीन वर्षांपूर्वी माहेरच्या एका कार्यात दोन म्हातारे भांडले. वेशीजवळचं दुसरं घर कुणाचं, यावरून. खरं काय ते सांगायला तिसरा माणूस उरला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी नेम धरला. रोज आंघोळ करायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि मग जुन्या गावातलं एक घर लिहायचं. दार कोणत्या दिशेला, उंबऱ्यावर कोण बसायचं, चुलीवर काय असायचं. आठवलं नाही तर फोन करून विचारायचं. घर लिहून होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही.

लिहायला बसताना विभूतीची तीन बोटं कपाळाला, आणि तीच तीन बोटं कॉम्प्युटरच्या डब्याला, पुढच्या जाळीवर. जी वस्तू आपल्या कामाला येते तिचा मान ठेवावा, असं मला वाटतं.

ह्यांनी वायरी हलवून बघितल्या. मग मी पुण्याला लेकीला, मंजुश्रीला, फोन लावला.

"आई, ते बारा वर्षांचं डबडं आहे," ती म्हणाली. "टाकून दे. मी नवा लॅपटॉप पाठवते, पातळसा. उचलायला हलका."

"आणि गाव?"

"कुठलं गाव?"

"गाव नावाची फाईल गं. सगळी घरं एकाच फाईलीत आहेत."

"दुसरीकडे कॉपी नाही ठेवलीस?"

"देवाचं कुणी दोनदा करतं का?"

तिनं फोन वडलांकडं द्यायला सांगितला. त्यावरून मला कळलं, की हे लहानसं दुखणं नाही.

लातूरला क्लासच्या गल्लीत अंबिकाचं दुरुस्तीचं दुकान आहे, असं मंजुश्रीनंच शोधून सांगितलं. डबा मी जुन्या चादरीत गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर जवळ आला, चादरीकडे बघितलं.

"मावशी, लेकरू लई जड दिसून राहिलंय."

"हाव बाबा. आजारी हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. त्याचं तिकीट न्हाई."

बाहेर तुरीला पिवळा फुलोरा आला होता. पोटात काही नव्हतं, आणि रिकाम्या पोटी डोळे उघडे ठेवले तरी अर्धी झोप असते. खिडकीच्या काचेत शेतांच्या वरून आमची माहेरची गल्ली चालली होती. मारुतीचा पार, माळवदांवर वाळत घातलेल्या मिरच्या, कुणाची तरी शेळी. गाडी हळू झाली की गल्लीही हळू व्हायची. मांडीवरच्या चादरीवर मी हात ठेवला होता. नऊशेच्या वर घरं होती तिच्यात. वाटलं, खड्डा आला तर कुणाचं तरी दार उघडेल.

अंबिका चाळिशीची बाई. चष्मा कपाळावर ढकललेला, पदर कमरेला खोचलेला, भोवती पोरांच्या लॅपटॉपांच्या राशी. माझ्या कपाळावरची विभूती बघून तिनं हात जोडून आमचा लिंगायती नमस्कार केला.

"शरणार्थी, काकू. काय झालंय याला?"

मी सांगितलं. तिनं डबा दारात उन्हात नेला, चार स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं आणि हातातल्या ब्लोअरचं बटण दाबलं.

आतून पांढरा ढग उठला. दुकानाच्या दारात, उन्हात, तो नुसता तरंगत राहिला. खाली बसेचना. माझ्या केसांवर, तिच्या चष्म्यावर, लॅपटॉपांवर. ओळखीचा वास आला, पहाटेच्या देवघराचा. क्षणभर मला कळेना मी कुठं उभी आहे.

अंबिका तीनदा शिंकली. बोटावर राख घेऊन वास घेतला. "काकू, ही विभूती आहे?"

मी जाळीचं सांगितलं.

ती हसत सुटली. पदरानं डोळे पुसले आणि परत हसली. "अहो काकू, या जाळीतून तो श्वास घेतो! आत पंखा आहे. तुम्ही लावायची आणि यानं ओढायची. तीन वर्षं बिचाऱ्याच्या नाकात भस्म घालून राहिलात. कैलासालाच निघाला होता की हा!"

मला हसू आलं नाही. "म्हणजे माझ्याच हातानं गेलं का सगळं?"

तिचं हसणं थांबलं. स्टूल पुढं ओढून तिनं मला बसवलं.

"राखेनं पंखा अडला, गरम होऊन तो बंद पडला. ते माझ्या हातात आहे," ती सावकाश म्हणाली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात तिनं खोडरबरनं घासले, शाळकरी पोर पाटी लख्ख करतं तसे. "पण ती टकटक पंख्याची नाही. ती डिस्कची. तिचं वय झालंय. तुमचं गाव तिच्यावर आहे. मी ती बाहेर काढून माझ्या मशीनला जोडते आणि आधी तेवढी फाईल उतरवून घेते. तुमचे फोटो, गाणी नंतर. आली तर आली."

"आणि नाही आली तर?"

"मध्येच थांबली तर मी हात जोडीन. खोटं कशाला सांगू?"

तिच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. ती मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागली. टकटक, थोडं पुढं. टकटक, थांबली.

अंबिकानं जेवणाचा डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढं केली. मी मान हलवली. तिला नेमाचं सांगितलं. आजचं घर व्हायचं राहिलं होतं.

"मग लिहा की इथंच. कागद देऊ?"

"कुणाचं लिहू? गंगाबाईचं अर्धं आत अडकलंय. पुढच्या घरांची टिपणंही तिथंच आहेत."

बोलता बोलताच मला कळलं. एक घर होतं ज्यासाठी टिपण लागत नव्हतं, कुणाला फोन लागत नव्हता. ते मी तीन वर्षं शेवटासाठी ठेवलं होतं. ते लिहिलं की गाव संपलं, असं मनात होतं. पण आत्ता पट्टी थांबली होती. बाकीची घरं गेली तर निदान ते तरी कुठंतरी असायला हवं होतं.

"उपाशी पोटी कागद कशाला?" अंबिका म्हणाली. "लिहू नका. बोला." तिनं आपला मोबाईल माझ्यासमोर उभा केला आणि माईकच्या खुणेवर बोट ठेवलं. "हा ऐकतो आणि लिहितो. मराठी येतं त्याला. घाई करू नका."

मी डोळे मिटले.

"आमचं घर पूर्वेच्या दाराचं. तीन पायऱ्या. मधली हलायची. बापू रोज म्हणायचे उद्या बसवतो. आत डावीकडं रांजण. उजवीकडं नीलम्मा, माझी धाकटी बहीण. ती दारातच वेणी घालायची. चौकटीला खिळा होता, त्याला आरसा. रस्त्याकडं पाठ करून बसायची. येणारा माणूस तिला आधी आरशात दिसायचा, म्हणून वळायच्या आधीच ती नाव घ्यायची. भूकंपाआधी शेवटचं मी गेले तेव्हा पण. पाठ माझ्याकडं होती. अक्का आली, म्हणाली. रिबीन दातात होती तिच्या. दुसऱ्या दिवशी मी औशाला परत आले. ती राहिली."

पुढंही मी बोलत होते. चुलीमागच्या भिंतीवर काजळीनं उमटलेला हात, माळवदावर जायची शिडी, सगळं. डोळे उघडले तेव्हा मोबाईलवर माझं घर उभं होतं. पूर्णविराम कुठंच नव्हता, एका श्वासात सगळं. अंबिकाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच होता. पट्टीकडं दोघींपैकी कुणीच बघत नव्हतं.

टकटक थांबली होती.

"काकू," ती हळू म्हणाली, "बघा."

पट्टी कडेला पोचली होती. तिनं फाईल उघडली. पहिलं घर वेशीजवळचं, तेच भांडणाचं. ती खाली खाली उतरत गेली, गल्ल्यांमागून गल्ल्या, आणि गंगाबाईच्या अंगणात येऊन थांबली. जात्यानंतर अर्धी ओळ. रेघ लुकलुकत होती.

मग मी भाकरी खाल्ली. खाता खाता ती सांगत होती आणि मी मनात साठवत होते. टायपिंगसाठी नवा लॅपटॉप कशाला? याच डब्यात नवी डिस्क, एसएसडी, बसवू, रॅम वाढवू, अजून चार-पाच वर्षं तरी चालेल. वर्षातून एकदा साफ करून घ्यायचा. जुनी डिस्क आता जोडायची नाही.

"आणि एकाच ठिकाणी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही, काकू. एक कॉपी डब्यात, एक पेनड्राईव्हवर, एक लेकीकडं. देवाचं तुम्ही एकदा करा. फाईल मात्र तीनदा."

"तीन बोटांसारखी," मी म्हटलं.

"हां. पण जाळीला नको!"

संध्याकाळी नवी डिस्क बसवलेला डबा मी घरी आणला. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. पेनड्राईव्ह देवघरात विभूतीच्या डबीशेजारी होता. तीन बोटं सवयीनं जाळीकडं गेली, वाटेत थांबली, आणि मी ती टेबलाच्या लाकडाला टेकवली. बटण दाबलं. पडदा उजळायच्या आधी काळ्या काचेत माझ्या मागचं उघडं दार दिसलं. दारात ऊन होतं. कोण येतंय ते वळून न बघता मी क्षणभर तशीच बसले, नीलम्मासारखी.

मग गंगाबाईची तुळस लिहायला घेतली.