मोकळी झालेली जागा

मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा उजवा हात हातोडीने फोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक ही गोष्ट सांगताना माझ्या दुःखापासून सुरुवात करतात. बिचारा, पोरगी गेलेली, डोकं ठिकाणावर नव्हतं, वगैरे. डोकं अगदी ठिकाणावर होतं. माझं डोकं पहिल्यापासून असंच आहे.

आमचं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ठोकलेल्या गाड्या येतात. पत्रा मी सरळ करतो, रंग धाकटा मारतो. पत्र्याचं काम रागीट माणसाला मानवतं अशी माझी समजूत होती. दिवसभर ठोकल्यावर संध्याकाळी माणूस रिकामा व्हायला हवा. मी व्हायचो नाही. रंगाची छटा जराशी चुकली की पान्हा भिंतीवर जायचा. धाकटा माझ्या शिव्या रेडिओ चालू असल्यासारख्या ऐकायचा आणि हातातलं काम करत राहायचा. त्याचा हात फार स्वच्छ. त्याने रंगवलेल्या दारावर बोट फिरवलं तर जुना खड्डा कुठे होता ते मालकालाही सापडायचं नाही.

टिटवी माझी मुलगी. कागदावरचं नाव वेगळं होतं, पण आवाज असा की शाळा सुटली की दोन गल्ल्या आधी कळायचं, आली. म्हणून टिटवी. गेल्या वर्षी, सात वर्षांची असताना, तापाने चार दिवसांत गेली. त्याबद्दल मी बोलत नाही. ज्याला धरून मारावं असं त्यात कोणी नव्हतंच, आणि मला दुसरं काही येत नाही.

उरली ती माझ्या फोनमध्ये. चौदाशेच्या वर फोटो आणि व्हिडिओ. बायकोचा फोन साधा बटणांचा, त्यामुळे रोज जेवणं झाली की माझा फोन तिच्या हातात जायचा. ती तीन व्हिडिओ बघायची. तीनच. जास्त बघितले तर संपतील, असं म्हणायची. मग फोन पदराने पुसून परत द्यायची.

त्या फोनमध्ये आता तीळभर जागा उरली नव्हती. रोज उठून स्क्रीनवर तेच, स्टोरेज फुल. गिऱ्हाइकाचा फोन आला की तो अडकायचा, ठोकलेल्या गाडीचा फोटो काढायला गेलं की नकार. धाकटा म्हणाला, "दादा, ऑनलाइन ठेवू." मी म्हणालो, माझी पोर मी कुठल्या परक्या कंपनीच्या गोदामात ठेवणार नाही. मग तो दोन पेनड्राइव्ह घेऊन आला. दोन तोंडांचे. एक तोंड फोनमध्ये बसतं, दुसरं कॉम्प्युटरमध्ये. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकावर भरवसा ठेवायचा नाही. एक तुझ्याकडे, एक वहिनीकडे. आणि फोनपण मोकळा होईल."

"कर. पण तिचं एक जरी काही डिलीट झालं ना, हात तोडीन."

"बरं," म्हणाला आणि हसला. ही धमकी मी त्याला दिवसातून दहा वेळा द्यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन मागून घेतला. मी एका व्हॅनच्या दाराला लागलो होतो. तिला कोणीतरी आडवं ठोकलं होतं, दार अक्षरशः पोटात गेलं होतं. पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी. कंप्रेसर चालू होता. तो चालू असला की आमच्या गॅरेजमध्ये शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. दुपारी हात पुसायला थांबलो तर फोन ऐरणीवर पडलेला आणि धाकटा जागेवर नाही.

फोन हातात घेतला. रोजचा तो मेसेज गेला होता. म्हटलं, वा. टिटवीचा फोल्डर उघडला.

रिकामा. परत उघडला. सगळे फोटो उघडले. गाड्या, गाड्या, नंबर प्लेटी, एक वाकडा बंपर. तिचा एक केससुद्धा नाही. वर लिहिलेलं होतं, एवढी एवढी जागा मोकळी.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्याआधी मी उगाचच चिडत होतो.

तेवढ्यात तो शटरमधून आत आला. उजवी मूठ आवळलेली. तोंड उघडून काहीतरी म्हणाला, कंप्रेसरमध्ये ते विरलं. मी विचारलं नाही. एक शब्द विचारला असता तर पुरला असता, तो मी विचारला नाही. पहिली थप्पड अशी बसली की तो व्हॅनच्या दारावर आदळला. मी सकाळपासून सरळ केलेला पत्रा पुन्हा आत गेला. त्याचंही मला वाईट वाटलं, इतका मी शुद्धीवर होतो. शर्टाला धरून वर ओढला आणि गुडघा पोटात घातला. तो वाकला. मानेला धरून मी त्याचं तोंड वाइसवर आपटलं, लोखंड पकडायच्या त्या जबड्यावर. एकदा. मग आणखी एकदा. दात पडल्याचा आवाज कंप्रेसर चालू असतानाही आला.

"दा... ऐ..." एवढंच बाहेर आलं, बाकी रक्त. खालचा जबडा एका बाजूला गेला होता. मी ओरडत होतो, "कुठे गेली? कुठे घालवलीस तिला?" तो खरं तर मला तेच सांगायला धडपडत होता. डावा हात छातीशी गच्च धरला आणि उजवी मूठ माझ्यापुढे केली. ती उघडत नव्हता. मला वाटलं, मारायला उगारतोय. इतक्या वर्षांत त्याने कधी हात उगारला नव्हता, आणि म्हणे आज उगारतोय. मी ती मूठ मनगटाशी धरली, ऐरणीवर दाबली आणि हातोडी घातली.

दोन वेळा. पत्र्याला घालतो तशी, खांद्यातून.

मग त्याची मूठ आपोआप उघडली. बोटं कशीही झाली होती. त्यांच्यामध्ये रक्तात माखलेलं काळं प्लास्टिक होतं, चेपून पापड झालेलं, आणि पत्र्याचं ते एक तोंड वाकलेलं. धाकट्याने शुद्ध हरपेपर्यंत डावा हात छातीवरून काढला नाही. त्याने छाती धरली नव्हती, स्वतःच्या शर्टाचा खिसा धरला होता. त्या खिशात दुसरा पेनड्राइव्ह होता. पाकिटातला, सील न फोडलेला.

त्याने काय केलं होतं ते नंतर कळलं. फोनमध्ये जागा व्हायला हवी, म्हणून त्याने सगळं पहिल्या ड्राइव्हवर हलवलं. कॉपी नाही, मूव्ह. तिकडे गेलं की इकडून निघून जातं. लगेच शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन दुसऱ्यावर उतरवून घेणार होता. झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. दाराला कुलूप बघून हा परत फिरला, आणि वस्तू लहान, पडेबिडेल म्हणून खिशात न टाकता मुठीत घेऊन आला. तेवढी दहा मिनिटं माझी पोरगी साऱ्या जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या भावाच्या मुठीत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. धाकट्याचा जबडा तारांनी बांधलेला. त्याने डाव्या हाताने कागदावर पोरासारखं वाकडंतिकडं लिहिलं, 'जॅक सटकला. गाडी अंगावर आली.' डॉक्टरांनी कागद वाचला, मग माझी सोलवटलेली बोटं बघितली आणि निघून गेले. मग धाकट्याने कागद उलटा केला आणि लिहिलं, 'टिटवी?'

मी नकारार्थी मान हलवली. तो रडायला लागला, आणि जबडा बांधलेल्या माणसाला धड रडताही येत नाही. परिचारिका धावत आली आणि मला बाहेर काढलं.

तो ड्राइव्ह मी डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे नेला. त्याने भिंगाखाली धरला. "वरचं सर्किट तुटलं असतं तर जोडून बघितलं असतं," तो म्हणाला. "इथे चिपचेच दोन तुकडे झालेत. कशाने झालं?" मी म्हणालो, हातोडीने. फोन पुढे केला तर म्हणाला, याच्यातून गेलेलं आता परत येत नाही. चांगला माणूस होता. तुकडे एका लहान पिशवीत घालून त्याने मला परत दिले.

बायकोला मी घरी उंबऱ्यातच सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने मला मारलं. तोंडावर, छातीवर, मिळेल तिथे. हात दुखले तेव्हा कोपऱ्यातला पाट उचलून खांद्यावर घातला. मी उभा राहिलो. मला मारायची सवय आहे, मार खायची नाही. "एकदा विचारायचंस ना रे," ती म्हणत होती, "एकदा विचारायचंस." लग्नाला अकरा वर्षं झाली, तिने मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. तेव्हापासून तसंच करते. त्या दिवसापासून जेवणं झाली की ती हात रिकामे घेऊन बसायची आणि मी भांडी घासायला उठायचो.

धाकटा दोन महिन्यांनी गॅरेजवर आला. हाताला पट्टी आणि हाडांत खिळे. दोन बोटं वळत नाहीत, वळणारही नाहीत. रंगाची बंदूक त्याला आता धरता येत नाही. मी कंप्रेसर बंद केला. इतक्या वेळा मनात घोकलेली माफी तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "मला मार." ते त्याला ऐकू गेलं, पण तो म्हणाला, "येडा आहेस का." नव्या दातांमुळे तो थोडा बोबडा बोलतो.

मग डाव्या हाताने त्याने खिशातून आपला फोन काढला आणि ते सीलबंद पाकीट.

"माझ्याकडे एक आहे," म्हणाला. "तिनेच काढलेलं, माझ्या फोनवर. तुला दाखवलं नव्हतं."

"का?"

"तुला वाईट वाटलं असतं."

पाकीट मी दाताने फोडलं, त्याला एका हाताने जमेना. ड्राइव्ह फोनमध्ये खुपसला. माझं बोट स्क्रीनवर गेलं तसं त्याने माझं मनगट धरलं. "कॉपी दाब," म्हणाला. "मूव्ह नको." मी कॉपी दाबलं. एवढ्या मोठ्या ड्राइव्हवर ते टिचभर गेलं. बाकी सगळी जागा मोकळी.

नऊ सेकंदांचं आहे. ती कुठल्यातरी गाडीमागे लपलेली असावी. दिसते फक्त फरशी, तेलाचे डाग आणि धाकट्याच्या मोठ्या चपलांत घातलेले तिचे पाय. आवाज माझा. "अक्कल गहाण टाकलीस का? हा पांढरा आहे? हा पांढरा?" पान्हा पडल्याचा खणखणाट. तिचे पाय दचकून मागे सरकतात. मग फोनच्या अगदी जवळ, दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येणारी माझी पोरगी कुजबुजते, "बाबा चिडलाय. तो थांबला की सांगते हं, एक गंमत आहे."

बायको आता माझ्या फोनवर रोज तेच बघते, तीनदा. मी शेजारी बसतो. ती आवाज मोठा करते, कारण कुजबूज ऐकायची तर माझं ओरडणंही तेवढंच मोठं ऐकावं लागतं. काय गंमत होती ते धाकट्याला आठवत नाही, मला तर माहीतच नाही. नऊ सेकंद होतात, व्हिडिओ संपतो, आणि मी ओरडतच असतो.