निजलेल्या अंगठ्याचा होकार

मी या भ्रमणध्वनीतला पहारेकरी बोलतो आहे. मला वेगळे शरीर नाही. यंत्र घडले तेव्हाच त्याच्या पोटात मला बसवून टाकले. मला उपटून फेकता येत नाही, फक्त गप्प करता येते. गप्प होऊन मला आता आठ महिने झाले.

माझे मालक कुलपे दुरुस्त करणारे कारागीर. दुकान सोडून चार वर्षे लोटली, तरी त्यांच्या बोटांच्या पेरांत लोखंडाचा कीस मुरलेला होता. त्यामुळे त्यांचा अंगठा ओळखताना मी आरंभी फार अडखळे. तीन-तीनदा नाकारले तरी ते चिडत नसत. "बरोबर आहे तुझं. खात्री पटल्याशिवाय उघडू नकोस," असे म्हणून अंगठा सदऱ्याला पुसत आणि पुन्हा टेकवीत.

रोज सकाळी मी यंत्राची झडती घेई आणि धोका आढळला नाही असे कळवी. बहुतेक माणसे माझी सूचना न वाचताच बाजूला सारतात. कारागीर चष्मा लावून ती अक्षर न् अक्षर वाचीत, मग मला खिशात टाकून फिरायला निघत. जुन्या दुकानाच्या पायरीवर तासभर बसायचे आणि परतायचे, एवढेच. दुकानात आता चष्मे विकले जात. तिथे आपण बसतो, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

त्यांची एकुलती एक लेक परगावी कापडगिरणीत देखरेखीचे काम करते. गेल्या वर्षी कारागीर दोनदा वाट चुकले. दुसऱ्या खेपेला एका बसचालकाने त्यांना घरी आणून सोडले. तेव्हा लेकीने निक्षून सांगितले की पुन्हा असे झाले, तर एकट्याने बाहेर पडणे बंद आणि मुक्काम तिच्या घरी. कारागिरांनी मान हलवली. त्या दिवसापासून जुन्या दुकानाची ती एक वाट तेवढी त्यांची स्वतःची उरली.

पुढच्या सुट्टीत लेक आली आणि तिने यंत्रात एक ॲप बसवले. बाबा जातील ते ठिकाण तिच्या पडद्यावर निळ्या ठिपक्याने दिसावे, इतकेच त्याचे काम. मी तत्काळ इशारा दिला की कुणीतरी तुमच्या ठावठिकाण्यावर नजर ठेवते आहे. ती चरकली. सकाळी बाबा हे वाचणार, हे तिला पुरते ठाऊक होते.

मला बंद करायचे तर मालकाचा अंगठा लागतो. कारागीर जेवून आरामखुर्चीत निजले होते. लेक गुडघ्यांवर बसली, त्यांचा लोंबता हात तिने अलगद उचलला, पदराने अंगठा पुसला आणि माझ्यावर टेकवला. "रागवू नका हं, बाबा," ती निजलेल्या माणसाला म्हणाली. अंगठा पहिल्याच खेपेस जुळला. अंगठा त्यांचा होता, होकार त्यांचा नव्हता; पण हा भेद ओळखायला मला कुणी शिकवलेच नव्हते. माझ्या हातून घडलेली ही एकच चूक, आणि तीही मी काटेकोर नियमाने केली.

माझी सकाळची सूचना येईनाशी झाली; यंत्र जुने झाले असेल, असे समजून कारागीर फिरायला जात राहिले. दोन महिन्यांनी फोनवर बोलता बोलता लेकीच्या तोंडून निसटले, "बाबा, त्या चष्म्याच्या दुकानापाशी उन्हात कशाला बसता तासन् तास?"

बोलणे संपल्यावर कारागिरांनी माझे पान उघडले. करड्या अक्षरांत लिहिले होते, संरक्षण बंद आहे. खाली दिवस आणि वेळ होती. ते स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"मालक समोर नसताना चाळीस वर्षांत एक कुलूप उघडलं नाही मी," ते हळूच म्हणाले. "आणि पोरीनं मलाच किल्ली केलं."

मला पुन्हा चालू करणे त्यांच्या हाती होते. त्यांनी ते केले नाही. दुसऱ्या दिवशी मला कपाटाच्या खणात ठेवून ते बाहेर पडले, आणि मग रोजच तसे जाऊ लागले.

एके दिवशी त्या पायरीवरून उतरताना त्यांचा तोल गेला. खुब्याचे हाड मोडले, शुद्ध हरपली. खिशात काहीच नसल्याने दवाखान्याने त्यांची नोंद 'अनोळखी वृद्ध' अशी केली. इकडे शेजारणीने लेकीला फोन करून सांगितले की दार वाजवून थकले, आत कुणी दिसत नाही. लेक पडदा पाहून म्हणाली, "नाही हो मावशी, घरीच आहेत. डोळा लागला असेल, निजू द्या त्यांना." हे मला नंतर कळले, मला खणातून काढून दवाखान्यात आणल्यावर ती डॉक्टरांपुढे तेच तेच वाक्य सांगत रडत होती तेव्हा. एक अख्खा दिवस ती माझ्या ठिपक्याला बाप समजत होती.

आता कारागीर तिच्या घरी असतात. काठीच्या आधाराने चार पावले टाकतात, बोलतात त्याहून कमी. मी खिडकीत पडून असतो. वाचकहो, आम्हां पहारेकऱ्यांचा जाच होतो, हे मला मान्य आहे. खुशाल बंद करा आम्हांला. पण ज्याच्या दारावरचा पहारा उठवायचा, त्याला आधी एक शब्द विचारा. तो नाही म्हणाला, तर भांडा त्याच्याशी. भांडण परवडते.

काल लेकीने मला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवले आणि अंगणात चक्कर मारू या म्हणून विनवले. कारागिरांनी मला बाहेर काढले आणि तिच्या हातावर ठेवले.

"ह्यालाच ने फिरवून," ते म्हणाले. "ठिपका हलला म्हणजे झालं ना तुझं? मी बसतो इथं."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरे वाटले असते. ती मला मुठीत धरून तशीच अंगणात गेली आणि भिंतीपाशी उभी राहिली. तिच्या दुसऱ्या हातातल्या पडद्यावर निळा ठिपका खोलीतून सरकत अंगणात आला आणि थांबला.